शून्य राखणारा माणूस

मी हॉस्टेलच्या फुटबॉल टीममध्ये बॅक खेळतो. पुढं जाऊन गोल मारणाऱ्यांतला नाही, मागं उभं राहून समोरच्याचा गोल अडवणाऱ्यांतला. गेल्या वर्षी एक मॅच आम्ही एक-शून्यनं हरलो आणि तो एक गोल माझ्याच बाजूनं गेला. त्या दिवशी मी बाकी किती बॉल काढले ते कुणालाच आठवत नाही, मलासुद्धा नाही. तो एक मात्र मेसमधल्या काकांनाही पाठ आहे.

दिवाळीच्या सुट्टीत बऱ्हाणपूरला गेलो तेव्हा हीच रड मी मामापुढं गायली. मामा महूचा. लहानपणी तो आमच्याकडे यायचा तो खंडव्यापर्यंत छोट्या लाईनच्या गाडीनं, घाट उतरून, आणि तिथून पुढं मोठ्या लाईननं. मावा जिलेबीचा द्रोण हातात धरून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि शंकर लक्ष्मण यांचं नाव काढलं. मला वाटलं कुणी मराठी माणूस असेल, आडनाव सांगायचं राहिलं असेल. आपल्याकडे हजेरीपटात नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव असावं तसंच ते नाव वाटतं. पण नाही. हे महूचे, आणि तेही फुटबॉलचे नव्हे, हॉकीचे गोलरक्षक. मी थोडा हिरमुसलो. मग मामा सांगत गेला, पुढचं मी लायब्ररीत बसून वाचलं, आणि आता या अंकासाठी लिहितोय.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म 7 जुलै 1933 चा. महू म्हणजे छावणीचं गाव. डॉ. आंबेडकरांचा जन्म इथला, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण याच महूतून किशनलाल आले, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. अशा गावात पोरांच्या हातात स्टिक येणार यात नवल नाही. शंकर लक्ष्मण यांच्या पायात मात्र आधी फुटबॉल आला. महूजवळच्या कोदरिया गावच्या फुटबॉल संघाचे ते कप्तान होते. (हे कळल्यावर माझा हिरमोड संपला.)

1947 साली, जेमतेम चौदा वर्षांचे असताना, ते फौजेत भरती झाले. लढायला नव्हे, बँडमध्ये वाजवायला. हॉकी त्यांना फौजेनं दिली. पुढं त्यांची रेजिमेंट मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे बेळगाव केंद्र असलेली आपली मराठा पलटण. म्हणजे नाव मराठी वाटण्यात माझी अगदीच चूक नव्हती म्हणायची. 1955 मध्ये सर्व्हिसेसच्या संघातून ते राष्ट्रीय स्पर्धेत खेळले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकच्या संघात होते.

त्या काळातला हॉकीचा गोली कसा दिसत असेल याचा विचार करा. हेल्मेट नाही, तोंडावर जाळी नाही, आजच्यासारखं छाती-पोट झाकणारं जाड चिलखत नाही. पायाला पॅड, हातात मोजे, एक स्टिक, बस्स. आणि समोरून येणारा चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतका टणक, दीडशे ग्रॅमच्या वर वजनाचा. आमच्या फुटबॉलमध्ये बॉल तोंडावर बसला तर नाक लाल होतं. तिथं दात जातील.

मेलबर्नमध्ये भारतानं सगळ्या स्पर्धेत 38 गोल केले आणि एकही घेतला नाही. अफगाणिस्तानवर 14, अमेरिकेवर 16, सिंगापूरवर 6. या आकड्यांत गोलीला काय काम असेल, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. शिवाय त्या संघात मद्रासचे रंगनाथन फ्रान्सिस हे दुसरे, अनुभवी गोलरक्षकही होते. पण उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध 1-0 आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध 1-0. तो अंतिम सामना शंकर लक्ष्मण खेळले. गोल रणधीरसिंग जेंटल यांचा. इतिहासात अर्थात जेंटल यांचं नाव आधी येतं. स्कोअर मात्र दोन आकड्यांचा असतो, आणि त्यातला दुसरा आकडा, ते शून्य, कुणीतरी राखलेलं असतं.

1958 ची गंमत तर ऐकाच. टोकियोच्या आशियाई स्पर्धेत हॉकी पहिल्यांदाच आली. भारत-पाकिस्तान सामना 0-0 सुटला. म्हणजे शंकर लक्ष्मण यांनी आपलं काम चोख केलं होतं. पण एकूण गोलांच्या सरासरीवर सुवर्णपदक पाकिस्तानला गेलं. शून्य राखूनही माणूस हरू शकतो.

आणि मग रोम, 9 सप्टेंबर 1960. भारत 1928 पासून ऑलिंपिकच्या हॉकीत हरलाच नव्हता. सलग सहा सुवर्णपदकं. लेस्ली क्लॉडियस कर्णधार. पूर्वार्धातच पाकिस्तानच्या नसीर अहमद यांनी एक गोल केला आणि तो भारताला फेडता आला नाही. 0-1. इथं मी वाचता वाचता थांबलो. बत्तीस वर्षांची परंपरा तुटली ती ज्या गोलानं, त्या गोलपोस्टमध्ये शंकर लक्ष्मण उभे होते. पुढच्या फळीनं एकही गोल केला नाही हा तितकाच मोठा दोष, पण चेंडू जाळीत जातो तेव्हा फोटोत फक्त गोली असतो. माझ्या एका गोलाची रड मला त्या क्षणी फार लहान वाटली, खरं सांगतो. 1962 ला जकार्तात आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा पाकिस्तानशीच हार, 0-2.

एवढं झाल्यावर माणूस खचेल किंवा त्याला काढून टाकतील. ते 1964 ला टोकियोला गेले. कर्णधार चरणजितसिंग, समोर तिसऱ्यांदा पाकिस्तान, तारीख 23 ऑक्टोबर. पृथिपालसिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर मारलेला चेंडू पाकिस्तानी खेळाडूच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलाल यांनी तो मारला. एक-शून्य. आता उरलेला सगळा वेळ ते शून्य सांभाळायचं होतं.

हा वेळ कसा असतो ते मागं खेळणाऱ्यालाच कळतं. पुढचे खेळाडू धावत असतात, त्यांना घड्याळ पाहायला सवड नसते. मागच्याला असते, आणि ते घड्याळ हलत नाही. पाकिस्तानी फॉरवर्ड पुन्हा पुन्हा येत राहिले, कॉर्नर मिळवत राहिले, आणि शंकर लक्ष्मण अडवत राहिले. त्या खेळाबद्दल एका ऑस्ट्रेलियन हॉकी मासिकानं, त्यांना हॉकीचा चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा, अशा अर्थाचं लिहिलं होतं असं सांगतात. लिहिणाऱ्याला कोदरियाचा फुटबॉल कप्तान ठाऊक असेल असं वाटत नाही. सामना 1-0 संपला. सुवर्णपदक परत आलं. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

1966 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी त्यांना कर्णधार केलं. गोलरक्षकाकडे हॉकी संघाचं नेतृत्व देणं ही तेव्हा नवलाची गोष्ट. आंतरराष्ट्रीय संघाचे पहिले गोलरक्षक कर्णधार म्हणून त्यांचंच नाव घेतात. मागं उभ्या असलेल्याला सगळं मैदान दिसतं, मग कप्तान त्यानंच का असू नये, हे माझं जुनं मत आहे, पण आमच्या टीममध्ये ते कुणी मनावर घेत नाही. अंतिम सामना पुन्हा पाकिस्तानशी. 1965 च्या युद्धाला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं आणि भारताचा कप्तान स्वतः फौजी. जादा वेळेत बलबीरसिंग यांनी गोल केला, 1-0, आणि आशियाई हॉकीचं भारताचं पहिलं सुवर्ण. 1967 मध्ये पद्मश्री.

1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. त्यांनी हॉकी सोडली. त्या वर्षी भारत अंतिम फेरीत पोचला नाही, 1928 नंतर पहिल्यांदाच. कांस्यपदकावर भागवावं लागलं. ते असते तर चित्र बदललं असतं का, या वादात मी पडत नाही. 1979 मध्ये कॅप्टन म्हणून ते फौजेतून निवृत्त झाले आणि महूला राहिले.

शेवटचं लिहायला जड जातं. पायाला गँगरिन झालं. ज्या पायांनी चेंडू अडवले त्यातलाच एक. हातात पैसा फारसा नव्हता. दोन ऑलिंपिक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलेल्या माणसाची ही अवस्था असल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या, लोक हळहळले. 29 एप्रिल 2006 ला महूमध्येच ते गेले. फौजेनं लष्करी इतमामात निरोप दिला.

मामा त्या दिवशी महूतच होता. पण त्याला कळलं ते दुसऱ्या दिवशी पेपरातून. एकाच गावात राहून आपण त्यांना एकदाही भेटायला गेलो नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. मग द्रोणातली उरलेली जिलेबी माझ्याकडे सरकवली आणि माझ्या पुढच्या मॅचची तारीख विचारली.