दह्याचा ध्यास घेतलेले मेचनिकॉफ आणि घोड्याचं पोट
घोड्याच्या खुराकात घालायच्या प्रोबायोटिक पावडरी आता सर्रास मिळतात. त्यामागची कल्पना मांडणारे इल्या मेचनिकॉफ १८४५ मध्ये खारकोव्हजवळ जन्मले. पहिली बायको क्षयानं गेली, तेव्हा त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला होता. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथं त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. अळीतल्या पेशी काट्याभोवती जमल्या. शरीरातल्या पेशी जंतूंना गिळतात, हा सिद्धांत त्यातूनच निघाला आणि १९०८ चं नोबेल मिळालं.

पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना म्हातारपणाच्या प्रश्नानं झपाटलं. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्याचं विष अंगात भिनतं, असं त्यांचं मत. पोपटाचं मोठं आतडं आखूड, म्हणून तो जास्त जगतो म्हणे! उपाय काय, तर आंबवलेलं दूध. ते स्वतः रोज प्यायचे. (आपल्या ताकवाल्यांना यात नवल ते काय.)

घोड्याचं पोट मात्र त्यांचं मत खोटं पाडतं. त्याच्या अंधांत्रातच तीसेक लिटर माल मावतो. गवत तिथं आणि पुढच्या मोठ्या आतड्यात जंतू आंबवतात, त्यावरच घोडा जगतो. एकदम जास्त धान्य घातलं, तर लॅक्टिक आम्ल करणारेच जंतू तिथं माजतात. पोटशूळ उठतो, खुरांना सूज येते. म्हणजे दह्यात जे आम्ल हवं, तेच इथं जिवावर उठतं. पावडर नंतर, आधी वैरण बघा.

मेचनिकॉफ १९१६ च्या जुलैत हृदयविकारानं गेले, वय ७१. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहे.