सम्राट अशोक : दगडांनी जपलेला, माणसांनी विसरलेला राजा

अशोक कोण होता, असे वस्तीतल्या अभ्यासवर्गात विचारले की दोन उत्तरे हमखास येतात. एक, त्याने कलिंगचे युद्ध केले. दोन, त्याचे चक्र आपल्या झेंड्यावर आहे. मुलांनाच नावे ठेवण्यात अर्थ नाही, त्यांच्या आईवडिलांची आणि आपल्या कार्यकर्त्यांची माहितीही फारशी पुढे जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. म्हणजे ज्या राजाच्या नावाच्या दिवशी आपण नवा जन्म घेतला, त्याचे आयुष्य आपल्याला दोन ओळींपुरतेच ठाऊक आहे.

चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा अशोक इ.स.पू. २६८ च्या सुमारास मगधाच्या गादीवर आला. त्याआधी तो उज्जैनचा कारभार पाहत होता, असे श्रीलंकेचे बौद्ध ग्रंथ सांगतात. सत्तेसाठी त्याने नव्व्याण्णव भाऊ मारले, ही गोष्टही ग्रंथांतलीच, आणि ती अजून मोबाईलवर फिरते. पण राज्याभिषेकाला १३ वर्षे झाल्यावर नेमलेल्या धम्म महामात्रांविषयी अशोकाने जो लेख कोरला, त्यात पाटलिपुत्रात आणि बाहेरच्या नगरांत राहणाऱ्या आपल्या भावाबहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. भावांचे सरसकट हत्याकांड झाले असते तर ही नोंद आली नसती. दंतकथा आणि पुरावा यांतला फरक इथे कळतो.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंगचे युद्ध झाले. दीड लाख माणसे कैद करून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत. जिंकणाऱ्या राजाने ते स्वतःच कोरून घेतले आणि सोबत आपला पश्चात्तापही नोंदवला. मात्र कलिंगच्याच भूमीवर, म्हणजे आजच्या ओडिशातील धौली आणि जौगड येथे, हा लेख नाही. तिथे त्याऐवजी अधिकाऱ्यांना तंबी दिली आहे. कोणालाही विनाकारण कैद किंवा छळ होऊ नये, सगळी प्रजा मला लेकरांसारखी आहे, असा तिचा आशय आहे. जखमी प्रांताला आकड्यांची आठवण देण्याऐवजी न्यायाची हमी दिली गेली.

रणांगणावरची प्रेते पाहून अशोक एका दिवसात बौद्ध झाला, असे आपण ऐकत आलो. त्याचे स्वतःचे लेख वेगळे सांगतात. उपासक झाल्यावर वर्षभर आपण फारसा प्रयत्न केला नाही, संघाच्या सहवासात गेल्यावरच उत्साहाने कामाला लागलो, अशी कबुली त्याने लघुशिलालेखात दिली आहे. दीक्षा घेतली म्हणजे काम संपले असे समजणाऱ्या प्रत्येकाने ही कबुली वाचावी.

पुढचे आयुष्य कामाचे आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो बोधगयेला गेला आणि राजेलोकांच्या शिकारीच्या सहलींऐवजी धम्मयात्रा सुरू झाल्या. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, रस्त्याकडेला झाडे, वाटेत विहिरी, राजवाड्याच्या स्वयंपाकघरातली प्राणिहत्या जवळजवळ बंद. वीस वर्षांनी लुंबिनीला जाऊन त्याने त्या गावाचा कर कमी केला. महेंद्र आणि संघमित्रा धम्म घेऊन श्रीलंकेला गेले. राणी कारुवाकीने दिलेले दान तिच्याच नावे नोंदले जावे, असा आदेशही स्तंभावर आहे. जी भाषा जिथे कळते ती तिथे वापरली. कंदाहारला त्याचा लेख ग्रीक आणि अरामाईक भाषेत आहे.

शिवाय, नुसते कोरून भागत नाही हे त्याला माहीत होते. कलिंगच्या लेखांत त्याने सांगून ठेवले की हा लेख ठरलेल्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा, आणि मधल्या काळात ऐकणारा एकटाच असला तरी त्यालाही वाचून दाखवावा.

इ.स.पू. २३२ च्या सुमारास अशोक गेला. काही शतकांनी वाचून दाखवणारे संपले, मग लिपी ओळखणारे संपले. पुराणांच्या वंशावळीत तो मौर्य राजांच्या रांगेतले एक नाव होऊन उरला. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने त्याचा स्तंभ दिल्लीला आणवला आणि विद्वानांना बोलावले, पण एकालाही अक्षर लागले नाही. श्रीलंका, म्यानमार, तिबेट आणि चीन येथे अशोक ग्रंथांत जिवंत होता. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र लोक त्याच्या स्तंभांना भीमाची काठी म्हणत होते.

१८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली. किल्ली सापडली ती सांचीच्या स्तूपावर. तिथल्या अनेक छोट्या लेखांचा शेवट सारख्याच अक्षरांनी होत होता. ती अक्षरे दानाची असावीत, असे त्याने ताडले. म्हणजे सम्राटाचा आवाज पुन्हा ऐकू आला तो साध्या उपासक-उपासिकांच्या आणि भिक्षुणींच्या दानलेखांमुळे. लेखांत राजाची फक्त पियदसी ही उपाधी होती. पियदसी म्हणजेच अशोक, हे श्रीलंकेच्या ग्रंथांवरून कळले. १९१५ मध्ये कर्नाटकातल्या मस्कीला अशोक हे नाव असलेला लेखच मिळाला.

आपल्या महाराष्ट्राचा वाटाही यात आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हा लेख त्याच धम्मयात्रांविषयीचा आहे. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तर नालासोपाऱ्याचा स्तूप लोकल गाडीच्या अंतरावर आहे. आपल्यातले किती जण तिथे गेले?

मित्रांनो, अशोकाचा इतिहास सगळा कोणी जाळला नव्हता. बराचसा तो उघड्यावर, डोळ्यांसमोर उभा होता. तो हरवला कारण वाचणारे उरले नाहीत. पाठ्यपुस्तकात आपला इतिहास कमी आहे ही तक्रार रास्त आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण सोपारा, कान्हेरी, कार्ले यांच्या दगडांवर जे आहे, ते वाचायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. कार्ल्याच्या लेणीत एका सुताराचे दान नोंदलेले आहे. म्हणजे हा इतिहास राजांइतकाच कष्टकऱ्यांचाही आहे.

गावोगावची काही तरुण मंडळी आज लेण्यांवर जाऊन धम्मलिपी शिकत आणि शिकवत आहेत. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग अशा वर्गाकडे वळवावा. विहारात महिन्यातून एक रविवार एक शिलालेख घ्यावा, त्याची अक्षरे मुलांकडून गिरवून घ्यावीत आणि अर्थ मोठ्याने वाचावा. पहिल्या रविवारी एकच मूल आले तरी वर्ग घ्यावा. अशोकाने तेच सांगून ठेवले आहे.