विषही फॅरडेंचे, उताराही

शहाद्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना बीएचसी पावडर आठवत असेल. तिचे रसायन प्रथम बनले 1825 साली लंडनमध्ये, मायकेल फॅरडे यांच्या हातून. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचूनच शिकला आणि 1813 मध्ये हम्फ्री डेव्हींचा मदतनीस झाला. फॅरडेंनी बेंझीन शोधले, उन्हात त्याची क्लोरीनशी क्रिया घडवली आणि हे रसायन मिळाले. ते कीडनाशक आहे, हे कळायला पुढे शतक लोटले. भारतात 1997 मध्ये बीएचसीवर बंदी आली. पण माती-पाण्यात ते वर्षानुवर्षे टिकते.

उताऱ्याची वाटही त्यांनीच दाखवली. 1833-34 मध्ये त्यांनी विद्युत्-विघटनाचे नियम मांडले. आता हिऱ्याचा थर दिलेल्या धनाग्रावर पाण्यातूनच हायड्रॉक्सिल मूलके निर्माण करून कीटकनाशकांचे रेणू तोडता येतात. खर्च मुख्यतः विजेचा आणि त्या धनाग्राचा. गोमाईकाठच्या विहिरीला तो अजून परवडणारा नाही.

पाण्याची काळजी मात्र फॅरडेंना होती. 1855 मध्ये त्यांनी थेम्समध्ये पांढऱ्या कार्डाचे कपटे टाकले. इंचभर बुडण्याआधीच ते दिसेनासे झाले. त्यांनी थेट वर्तमानपत्राला पत्र लिहिले.