मुठीत घडलेली चव : हानाया योहेई

मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या नंदुरबारच्या रहिवाशाला तिखटाचे अप्रूप असण्याचे कारण नाही. तरीही पारंपरिक जपानी सुशीच्या फळीसमोर प्रथमच बसणारा नंदुरबारकर पहिल्या घासालाच चकित होईल. मिरची जिभेवर जळते आणि रेंगाळते. भात आणि मासा यांच्यामध्ये दडलेले वासाबी थेट नाकात चढते आणि क्षणात ओसरते. ही सांगड रूढ करण्याचे श्रेय परंपरेने हानाया योहेई या एदो शहरातील विक्रेत्याला दिले जाते. एदो म्हणजे आजचे टोकियो.

योहेईचा जन्म १७९९ मधला. बालपणीच तो तांदळाच्या एका दलालाकडे नोकरीस लागला. तरुणपणी त्याने जुन्या वस्तूंचा आणि मिठाईचा व्यवसाय करून पाहिला. परंतु त्यात जम बसला नाही. अखेर तो सुशीकडे वळला. सुशीचे डबे घेऊन रात्री गल्लोगल्ली फिरणारा हा फेरीवाला पुढे ठेल्यावर आणि त्यानंतर रयोगोकू भागातील स्वतःच्या दुकानात स्थिरावला.

सुशीचा मूळ अवतार मासे टिकविण्यासाठी होता. खारवलेले मासे भातात दाबून महिनोन्महिने आंबवीत आणि खाताना भात बहुधा टाकून देत. पुढे भातात शिरका मिसळण्याची पद्धत आली आणि आंबवण्याची गरज उरली नाही. तरीही लाकडी साच्यात भात व मासा दाबून ठेवण्यात काही तास जात. शिवाय दाबामुळे माशाचा रस निथळून जाई. योहेईने साचा बाजूला सारला. शिरक्याच्या भाताचा गोळा हातानेच वळून त्यावर माशाचा काप बसविला आणि घास तत्काळ गिऱ्हाइकापुढे ठेवला. दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या धावपळीच्या नगरीला उभ्याउभ्या खाता येणारे हे अन्न मानवले. बर्फ नसल्याने मासा सोया सॉसमध्ये मुरवीत, शिरक्यात भिजवीत किंवा शिजवून घेत. तेव्हाचा घास आजच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा असे.

योहेईची कीर्ती वाढली, तशी त्याच्या सुशीची किंमतही. १८४१ मध्ये शोगुनच्या राजवटीने काटकसरीच्या कठोर सुधारणा लागू केल्या. चैनीच्या वस्तूंवर बंदी आली आणि महागडी सुशी विकणारेही त्या तडाख्यात सापडले. योहेईच्या हातांत बेड्या पडल्या. ज्या हातांनी नवे अन्न घडविले, तेच हात कायद्याने जखडले गेले. सुधारणांचा तो काळ मात्र अल्पजीवी ठरला. १८४३ मध्ये त्यांचा प्रणेता मिझुनो तादाकुनी पदावरून दूर झाला; सुशी मात्र टिकली. १८५८ मध्ये योहेईचे निधन झाले. त्याच्या वंशजांनी दुकान विसाव्या शतकातही चालविले. १९३० च्या सुमारास ते बंद झाले.

१९२३ च्या भीषण भूकंपानंतर एदोच्या परंपरेतले अनेक कारागीर आपापल्या गावी परतले आणि हातवळणीची सुशी जपानभर पोहोचली. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यावरचे ठेले हटले; गिऱ्हाईक आणि कारागीर यांना समोरासमोर आणणारी फळी दुकानाच्या आत आली. म्हणूनच तेथे आजही घास हाताने उचलणे शिष्टसंमत आहे. सोया सॉस भाताला नव्हे, माशाच्या बाजूला किंचित लावावा, घास शक्यतो एकदाच तोंडात घालावा आणि दोन घासांमध्ये आल्याची लोणचेवजा चकती चघळावी, एवढे नवख्याने लक्षात ठेवले तरी पुरे. हाताने जेवण्याचा संस्कार असलेल्या मराठी माणसाला हे शिष्टाचार परके वाटण्याचे कारण नाही. घाईत असलेल्या सामान्य माणसासाठी घडविलेला घास आज जगातील महागड्या भोजनांत गणला जातो. ज्या चैनीपायी योहेईला शिक्षा झाली, तीच त्याच्या अन्नाची प्रतिष्ठा ठरली आहे.