गीता ३.२१ : आधी स्वतः, मग दुसऱ्याला



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, एकविसावा. भावार्थ बहुतेकांना माहीत आहेच. लोक ज्याला मोठा मानतात त्याचं वागणं बघूनच बाकीचे वागतात, त्याने लावलेलं माप सगळ्यांचं माप होतं. हा श्लोक याआधी कितीदा तरी वाचलाय, पण आज जरा टोचला. का ते शेवटी सांगतो.

टीम लीड झालो तेव्हा आम्हाला नेतृत्वाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. एकोणिसाव्या शतकात कार्लाइल म्हणायचा, नेता जन्मावाच लागतो. १९३९ च्या सुमारास कर्ट लेविनने नेत्याच्या पद्धती तपासल्या : हुकूम सोडणारा, सगळ्यांना विचारणारा आणि मोकळं सोडून देणारा. १९४८ मध्ये स्टॉगडिलने दाखवलं की नुसत्या अंगच्या गुणांवर नेता ठरत नाही, प्रसंगही बघावा लागतो. आणि १९७० मध्ये ग्रीनलीफने मांडलं की खरा नेता आधी सेवक असतो. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. वही कपाटात आहे.

हे शेवटचं ऐकताना मला मात्र आपले साने गुरुजी आठवले. साक्रीहून धुळं तासाभरावर, आणि तिथून अमळनेर थोडं पुढे. म्हणजे आपल्याच अंगणातली गोष्ट.

पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. घरची परिस्थिती हलाखीची. आई १९१७ मध्ये गेली, आणि ती जखम जन्मभर राहिली. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. ट्रेनिंगमधल्या यादीवर त्यांना तपासलं तर बहुतेक नापासच होतील. स्वभाव लाजाळू, चारचौघांत मिसळायला संकोच, डोळ्यांत पाणी लगेच. दरारा नावाची गोष्टच नाही.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्यांत पसारा, अंथरुणं तशीच पडलेली. दुसरा कुणी असता तर नोटीस लावली असती, दंड केला असता. गुरुजींनी काय केलं, तर मुलं बाहेर गेली की स्वतः खोल्या झाडल्या, अंथरुणं आवरली, मुलांचे कपडे धुतले. कुणी आजारी पडलं तर उशाशी बसून राहिले. मुलांसाठी हाताने लिहून छात्रालयाचं दैनिक काढलं. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटली आणि ती आपली खोली आपण आवरू लागली. आजचा श्लोक म्हणजे एवढंच.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. आधी धुळ्याचा तुरुंग, मग त्रिचनापल्लीचा. तिथे वेळ फुकट घालवला नाही. तमिळ माणसांत राहून तिरुवल्लुवरांचा कुरळ समजून घेतला आणि मराठीत आणला. एकमेकांच्या भाषा शिकल्याशिवाय देश जोडला जाणार नाही, हा पुढचा आंतरभारतीचा विचार तिथेच रुजला.

१९३२ मध्ये पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात. तिथे विनोबा होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं, आणि ते लिहून घेतलं साने गुरुजींनी. आज घरोघरी असलेली 'गीता प्रवचने' त्यांच्या हाताने कागदावर आली. मला इथे फार शिकायला मिळतं. हा माणूस स्वतः उत्तम लेखक, उत्तम वक्ता. पण दुसरा बोलत असताना लेखनिक व्हायला त्याला कमीपणा वाटला नाही. आमच्या मीटिंगमध्ये नोट्स कोण घेणार म्हटलं की सगळे सर्वांत ज्युनिअर पोराकडे बघतात. मीसुद्धा.

पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं, अध्यक्ष पंडित नेहरू. त्यासाठी गुरुजी खानदेशची गावं पालथी घालत हिंडले. १९३८ मध्ये अतिवृष्टीने पूर्व खानदेशात पिकं गेली, तेव्हा सारा माफ व्हावा म्हणून ते शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. मुंबई प्रांतात तेव्हा सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं, तरी गप्प बसले नाहीत.

आणि मग पंढरपूर. विठ्ठलाच्या पायाशी जायला आपल्याच माणसांना बंदी, हे त्यांना सहन होईना. त्यांनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं, आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. गांधीजींनीसुद्धा उपोषण सोडायला कळवलं होतं. ज्यांना गुरुस्थानी मानलं त्यांना नम्रपणे नाही म्हणणं सोपं नसतं, पण ते ठाम राहिले. १० मे रोजी, मंदिर सगळ्यांना खुलं करायची तयारी झाल्यावर, उपोषण सुटलं. दुसऱ्याला शिक्षा नाही, झळ सोसली ती स्वतःच्या देहाने.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. गांधीजींच्या खुनाने ते आतून मोडले होते. स्वातंत्र्यानंतर आजूबाजूला जे दिसत होतं त्यानेही व्यथित होते. ११ जून 1950 रोजी त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास.

हे लिहिताना हात थांबतो, पण टाळणं खोटं होईल. सगळ्यांचं दुःख जो आपल्या अंगावर घेतो, त्याचं ओझं कुणी घ्यायचं? पुढे चालणाऱ्याकडे आपण फक्त बघत राहतो, तो दमलाय का हे विचारत नाही. या श्लोकाची दुसरी बाजू मला हीच वाटते. आपल्या आसपास कुणी असं आतून थकलेलं असेल तर त्याच्याजवळ बसा, बोलतं करा. आणि ते थकणं आपलंच असेल तर लपवू नका, कुणाला तरी सांगा.

आता माझं. मागच्या महिन्यात रात्री आमची सिस्टिम बंद पडली. सगळे कॉलवर. चूक टीममधल्या एका नव्या मुलाच्या कोडमध्ये होती आणि मी सगळ्यांदेखत त्याचं नाव घेतलं. ते कोड तपासून मंजूर मीच केलं होतं, हे मात्र बोललो नाही. तेव्हापासून तो पोरगा प्रश्न विचारत नाही. आणि परवा दुसऱ्या एकाने अगदी माझ्यासारखंच तिसऱ्यावर ढकललं. मी लावलेलं माप टीमने उचललं होतं. श्लोक खोटा ठरत नाही, चांगल्यातही नाही आणि वाईटातही नाही.

गुरुजींनी पसारा बघून आधी हातात झाडू घेतला. मी पसारा बघून आधी बोट दाखवलं.

उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोरच, ती मंजुरी माझी होती हे सांगणार आहे. एकट्याला बाजूला घेऊन सॉरी म्हणणं सोपं आहे, पण नाव चारचौघांत घेतलं होतं. नोट्सही उद्या मीच घेईन.

तुम्हीही आज एवढंच करून बघा. घरात, शेतात, ऑफिसात ज्या कामासाठी दुसऱ्याला बोलणार असाल, ते एकदा न सांगता स्वतः करा.

माऊली, एवढं बळ दे.

राम कृष्ण हरी.