चाकांचा हिशेब ठेवणारे सर नायजेल ग्रेस्ली

नायजेल ग्रेस्ली यांचा जन्म १९ जून १८७६ रोजी एडिंबरा येथे झाला. वडील डर्बीशायरमधील नेदरसील गावी पाद्री होते. मार्लबरोच्या निवासी शाळेतून नायजेल थेट क्रूच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागले. १९११ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची सगळी इंजिने त्यांच्या हाताखाली आली.

वाफेचे इंजिन चाकांच्या आकड्यांनी ओळखतात. ४-६-२ म्हणजे पुढे चार लहान चाके, मध्ये दांड्यांनी जोडलेली सहा मोठी आणि मागे दोन लहान. ओढतात फक्त मधली. पुढची चाके इंजिनाला वळणात नेतात, मागची भट्टीचा भार उचलतात. मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, म्हणून ते वेगासाठी. जोडलेली चाके जास्त असली की इंजिनाचे जास्त वजन पकडीच्या कामी येते, म्हणून ती चढासाठी आणि जड गाडीसाठी. आपल्याकडे प्रवासी गाड्यांना डब्ल्यूपी (४-६-२) आणि मालगाड्यांना डब्ल्यूजी (२-८-२) असे, ते यामुळेच.

ग्रेस्लींनी कामाप्रमाणे चाके निवडली. लंडनहून उत्तरेकडे धावणाऱ्या जलद गाड्यांसाठी त्यांनी ४-६-२ घेतले. 'फ्लाइंग स्कॉट्समन' त्यांपैकीच. वर्सबरोच्या चढावर कोळशाच्या गाड्यांना मागून रेटायला १९२५ मध्ये दोन इंजिने पाठीला पाठ लावल्यासारखे २-८-०+०-८-२ गॅरट आणले. त्याची सोळा चाके जोर लावत!

मला सर्वांत आवडते ते १९३४ चे 'कॉक ओ' द नॉर्थ'. एडिंबरा ते अॅबर्डीन मार्ग चढउतारांचा आणि वळणांचा, रात्रीच्या गाड्या इतक्या जड की दोन इंजिने जोडावी लागत. ग्रेस्लींनी एकाच २-८-२ वर ते काम सोपवले. ओढण्यात ते कमी पडले नाही, पण आठ जोडचाकांची लांब ताठ रांग वळणांवर आसांना जड जाई. अशी सहा इंजिने झाली.

१९३६ मध्ये ते 'सर' झाले. ३ जुलै १९३८ रोजी त्यांच्या 'मॅलार्ड'ने, अर्थात ४-६-२ नेच, ताशी १२६ मैलांचा विक्रम केला. मॅलार्ड हे बदकाचे नाव. ग्रेस्लींना पाणपक्षी पाळण्याचा नाद होता.

५ एप्रिल १९४१ रोजी ते वारले. युद्ध चालूच होते. त्यांच्या जागी आलेल्या एडवर्ड थॉम्पसन यांनी १९४३-४४ मध्ये सहाही २-८-२ कापून ४-६-२ केली. जोडचाकांची एक जोडी गेली आणि तेवढी पकडही गेली. दुरुस्ती करून ती ठेवायला हवी होती, असे मला वाटते. डार्लिंग्टनमध्ये काही रेल्वेप्रेमींनी त्याच जातीचे नवे २-८-२ बांधायला घेतले आहे.