चित्रकार जॉर्ज केलेब बिंगहॅम

अमेरिकेतील हे प्रसिद्ध चित्रकार १८११ साली व्हर्जिनिया प्रांतात जन्मले. बापाची मालमत्ता गेल्यामुळे १८१९ साली कुटुंब मिसूरी नदीकाठच्या फ्रँक्लिन गावी येऊन राहिले. १८२३ साली बाप वारला. विधवा आईने मुलींची शाळा चालविली. जॉर्ज सुतारकाम शिकले, व चित्रकला बहुतेक स्वतःच्या श्रमाने त्यांनी साध्य केली.

१८४६ साली ते कायदेमंडळाच्या निवडणुकीत अवघ्या ३ मतांनी जिंकले. परंतु प्रतिपक्ष्याने हरकत घेतली व मंडळाने ती जागा त्यास दिली. १८४८ साली मात्र बिंगहॅम निवडून आले.

पुढे १८५२ साली त्यांनी मिसूरीतील एका गावच्या निवडणुकीचे चित्र पुरे केले. तेथे मत तोंडी सांगण्याची रीत होती. चित्रात एक मतदार पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ वाहत आहे. एका झिंगलेल्यास मत देण्याकरिता ओढून नेत आहेत. एक जण डोके बांधून बसला आहे. मताचा अधिकार गोऱ्या पुरुषांसच होता; काळा मनुष्य तेथे केवळ पेय ओतीत आहे.

१८७९ साली बिंगहॅम निवर्तले. जागा गमावलेला मनुष्य बहुधा लोकांस दूषणे देतो. ह्यांनी लोकांचा चांगुलपणा व दोष दोन्ही खरेपणाने दाखविले, हे आम्हांस ध्यानात ठेवण्याजोगे वाटते.